सेकंडचा माल

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एकवीस वर्षं
मी टॉवेल तपासतोय.
ट्यूबलाइटखाली पसरायचा, तळहात फिरवायचा,
सुटलेला लूप, तेलाचा ठिपका, गाठ
दिसली की लाल बाणाचं स्टिकर.
एक्सपोर्ट डावीकडे, सेकंड उजवीकडे.
डोळ्याला खोडच लागते.

म्हणून भार्गवच्या गालावरचा पहिला फोड
त्याच्या आईआधी मला दिसला.
आणि मी शहाणा, जेवताना बोललो.

मग कपाळ भरलं, मग हनुवटी.
कॉलेजात पोरं म्हणाली, "काय बे, शेंगाचटणी!"
त्या दिवसापासून चटणीचा डबा
त्याच्यापुढे कुणी सरकवत नाही.
एप्रिलच्या उन्हात मुली तोंडाला स्कार्फ बांधतात,
कुणी विचारत नाही.
पोरानं रुमाल बांधला की गल्लीभर चौकशी.

उपाय तर ज्याच्या त्याच्याकडे होते.
अत्तम्मा फोनवर म्हणाली, हळद आणि साय.
न्हाव्यानं तुरटी सांगितली.
शेजारच्या टेबलावरचा इराण्णा म्हणाला, टूथपेस्ट, रात्रभर.
मी चौकातल्या मेडिकलमधून
ऐकीव नावाची एक ट्यूब आणली.
आठ दिवसांत चेहरा असा गुळगुळीत,
मी मनातल्या मनात
पोराला डावीकडच्या गठ्ठ्यात टाकलं.
पाचव्या आठवड्यात लाली उतरेना,
कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
आणि फोड सगळे परत, भावकी घेऊन.

डॉक्टर बिराजदार बाईंनी ट्यूब उलटी धरून
बारीक अक्षरं वाचली.
"हिच्यात स्टेरॉइड आहे. कुणी आणली?"
भार्गव काही बोलला नाही.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढायला लावली ती त्याला,
मला नाही. त्यालाच सांगितलं:
ही आजपासून बंद. भडकेल थोडं, घाबरू नको.
पंधरा दिवस नुसतं साधं क्रीम, कातडीला निवांत बसू दे.
मग रात्री हे, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला,
फोड बघून ठिपके देत बसू नको.
सकाळी ते दुसरं. सोलायला लागलं तर दिवसाआड.
तोंड दोनदाच धू.
(नळाला पाणी चार दिवसांनी येणाऱ्या आमच्या गल्लीत
हा सल्ला तेवढा लगेच पटला.)
नखं लावायची नाहीत.
चटणी खा की, चटणीनं काय होतंय?
आणि बारा आठवडे आरशाला काही विचारायचं नाही.

बारा आठवडे!
तेवढ्यात आमचा माल समुद्र ओलांडून
परक्या कुणाच्या न्हाणीघरात लटकतो.

चौथ्या आठवड्यात अंबिका दोरीजवळून ओरडली.
मरून टॉवेलवर पांढरे ढग.
शर्टाच्या कॉलरीवर, नव्या चादरीच्या मोरावरही.
एकवीस वर्षांत असा डाग बघितला नव्हता मी,
कडा मऊ, मधे रंगच नाही.
सकाळच्या मलमानं रंग खाल्ला होता.
बाईंनी सांगितलं होतं म्हणे,
मी बारा आठवड्यांतच अडकलो होतो.

सुपरवायझरला विचारून सेकंडच्या ढिगातून
सहा पांढरे टॉवेल उचलले.
पांढऱ्याचं काय खाणार?
भार्गवनं एक तोंडाला टिपला,
उलटसुलट करून बघितला.
"नाना, ह्यात खराब काय आहे?"
दाखवायला गेलो.
चष्म्याशिवाय सापडेना.

आता नववा आठवडा.
हनुवटीवर तीन आहेत, उजव्या गालावर
जुन्याचे काळपट डाग. ते जायला अजून महिने.
मोजायचं नाही असं ठरलंय,
पण डोळ्याची खोड.

काल डबा द्यायला गेटवर आला,
रुमाल खिशात.
मॅनेजर गाडीतून उतरत होते, थांबले,
त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
माझा हात उगाच स्टिकरच्या रिळावर.

"येमुल, पोरगा का तुमचा?
उंच झाला की ओ."