खोडलेले चाळीस फूट

टेकडीवर मुरूम, खाली काळा दगड.
ट्रेसिंगवर मी मनोरा काढत होतो तेव्हा
खसच्या कूलरचं पाणी उडून
तिसऱ्या टप्प्याची शाई जरा फुटली होती.

मग सोनेगावहून पत्र आलं:
विमानांच्या वाटेत येतो, चाळीस फूट कमी करा.
ब्लेडनं खरवडलं. फुंकर मारली.
चाळीस फूट टेबलावरून खाली पडले.

मे महिन्यात लोखंड हात भाजायचं,
म्हणून रिगर पहाटे चारला चढायचे.
त्यातला पराते, गोळीबार चौकातला, कोष्ट्याच्या घरचा,
तारा आवळताना म्हणायचा,
"ताणा सरळ पाहिजे साहेब,
मंग बाणा आपसूक बसते."

शेवटचा बोल्ट बसवून तो उतरला
आणि विडी न पेटवताच बसून राहिला.
काय दिसलं रे वरून?
"फुटाळा दिसला. अंबाझरी.
मंग आमचं छत दिसलं जी,
बायको लाल सूत वाळू घालत होती.
हाक मारली ना मी तिले.
एवढ्या दुरून. येड्यावानी."

चित्र सुरू झालं त्या संध्याकाळी
गल्लीत एक माणूस नव्हतं.
मी गच्चीवर, एकटा,
लाल दिव्याच्या वरची रिकामी जागा
बोटांनी मोजत होतो.

अजून मोजतो.
परवा संक्रांतीला पोरं ओरडली, ओ काट!
आणि कुणाची तरी कटलेली पतंग
डुलत, घाई न करता
दिव्यावरून गेली,
बरोब्बर तिथून,
जिथवर माझी रेघ पोचली होती.