खाल्ल्या मिठाला

बरक्याच्या किनाऱ्यावर आम्ही समुद्र अळणी करतो.
साठ बारचा दाब, पडद्याच्या आरपार पाणी,
मीठ मागे. मागे उरलेलं पुन्हा समुद्राच्या पदरात.
एकवीस वर्षं काटा हिरव्या पट्ट्यात ठेवतोय,
एवढंच माझं काम.

माझा स्वतःचा काटा लाल पट्ट्यात गेलाय
हे व्हिसाच्या मेडिकलला कळलं.
एकशे बहात्तर, एकशे चार.
नर्स म्हणाली, बसा.
मी बसलोच होतो.

नखलच्या रस्त्यावर शीजाचं औषधाचं दुकान.
ती कोट्टयमची, मी देवरुखचा, मधे मोडकी हिंदी.
म्हटलं, पंपाच्या भाषेत सांग.

तिने सांगितलं:
नळीच्या भिंतीत स्नायू असतात,
कॅल्शियम आत शिरलं की मूठ वळतात.
अ‍ॅम्लोडिपिन त्याला दारातच अडवते.
मूठ सैल, नळी रुंद.
(माझे घोटे सुजतात. मोज्याची खूण
दिवसपाळी संपेपर्यंत जात नाही.)

मूत्रपिंड भित्रं. पाणी कमी पडलं असं वाटलं
की हुकूम सोडतं: आवळा!
मला आधी मोरावळाच आठवला.
हुकूम निघतो, वाट चालतो,
पण ज्या कानात पडायचा
तिथे लोसार्टन आधीच येऊन बसलेली.

तिसरी पंपाचा वेग उतरवते.
रात्री दोनला घरून फोन आला
तर पूर्वी हृदय धावत जायचं उचलायला,
आता चालत जातं.
ही एकदम कधीच सोडायची नाही, शीजा म्हणाली,
आणि दुसऱ्यांदा म्हणाली.

चौथी सकाळची, पाण्याची गोळी.
ती मिठाला बाहेरचा रस्ता दाखवते
आणि पाणी मिठाच्या मागून जातं.
आमच्या प्लँटच्या बरोब्बर उलट, मी म्हटलं.
शीजाला विनोद कळला नाही.

गफूर चौगुलेला याच चार गोळ्या.
तो दाभोळचा, बाहेरच्या पाइपलाइनवर,
मी एसीत काट्यांसमोर.
एकदा म्हणाला, संडास अडीच किलोमीटरवर,
जीप फोरमनकडे. गोळी घेऊ की काम करू?
मी हसलो. तोही हसला.
मला वाटलं तेवढ्यावर मिटलं.

त्याने आधी चौथी सोडली.
मग एवीतेवी सोडलीच आहे म्हणून तिसरी.
डब्यात घरून आलेली सुकट, वर लिंबाचं लोणचं.
कंपनीच्या खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस,
एक दिवस रजा नाही,
रक्ताचं पाणी केलं म्हणतात तसलं काम.
रक्ताचं पाणी होतच नव्हतं,
मीठ तिथेच साचत होतं.

जूनच्या एका दुपारी तो पाइपाला टेकून बसला
आणि माझ्याशी बोलताना
'व्हॉल्व्ह' हा शब्द त्याला सापडेना.
यंत्र लावलं. दोनशे अठरा.
आमच्याकडे एवढा काटा चढला
तर भोंगा वाजतो, चार माणसं धावतात, रिपोर्ट लिहितात.
इथे भोंगा नव्हता.
एक मुंगी पाइपावरून चालली होती.

वाचला. डाव्या हाताची मूठ आता पुरती मिटत नाही.
मूठ सैल करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट
मी त्याला कधी सांगितली नव्हती,
आता कसली सांगू?
विमानतळावर त्याची बॅग मी उचलली.
बॅगेत सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा,
खणांवर अरबीत वार लिहिलेले.

परवापासून जीप आता शिफ्टकडे राहते.
माझ्या तक्रारीमुळे की त्याच्या हातामुळे,
कुणी सांगत नाही.

दर शुक्रवारी दाभोळहून फोटो येतो.
फक्त यंत्राचा, शब्द एकही नाही.
एकशे चाळीस, अठ्ठ्याऐंशी.
पुढच्या शुक्रवारी एकशे चौतीस.
मी फोटो मोठा करून कडेकडेने तपासतो,
काट्याची सवय.
आज यंत्राच्या मागे ताटली,
ताटलीत तळलेले बोंबील.

लिहिलं: मागे काय आहे ते?

दोन निळ्या खुणा आल्या.
मग बराच वेळ काही नाही.
मग नवा फोटो: तेच यंत्र, तोच आकडा,
ताटली काढलेली,
चादरीवर तेलाचा गोल डाग.