चौदा अंश

काल रात्री बाटलीत खोबरेल थिजलं,
तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पीठ फुगलं नाही.
दोन टोप आंबोळीचं पीठ,
जुन्या शालीत गुंडाळून ओट्यावर ठेवलेलं.
पहाटे पाचला झाकण काढलं तर
जसं ठेवलं तसंच, गुमसुम,
वर एक बुडबुडा नाही.

आणि खाली ओम्नी.
किल्ली फिरवली: टक.
पुन्हा फिरवली: टक.
डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा
मिणमिणत खोल गेला.
चोक ओढला. चोक काय करणार,
आधी इंजिन फिरलं तर ना.
भांडुपला वास्तुशांत, साठ माणसांचा नाश्ता,
आठ म्हणजे आठ.

हयातसिंग वॉचमन आला माकडटोपी वर सरकवत.
पिथोरागडचा माणूस.
"दीदी, इसको थंड बोलते हो?"
बोलताना दात त्याचेही वाजत होते,
बावीस वर्षं झाली त्याला मुलुंडात.
त्यानं ढकलली, पेपरवाल्या पोरानं ढकलली,
मी सेकंड टाकून क्लच सोडला,
गाडीनं एक उचकी दिली
आणि बी विंगच्या जिन्यापुढे ठाण मांडलं.
तिसऱ्या मजल्यावर समेळांनी खिडकी उघडली.
"बॅटरी गेली असेल," म्हणाले,
आणि खिडकी लावून घेतली.
बॅटरी गेली म्हणजे साडेचार हजार गेले.

मग पास्कोलकाकांना फोन.
गॅरेज विकून वसईला असतात आता,
डोळ्यांनी फारसं दिसत नाही.
"काका, थंडीनं गाडी..."
"थंडीचं नाव सांगू नको," ते खोकत म्हणाले.
"मुंबईची थंडी चहा पाजते, गाडी नाय बंद करत.
सीट उचल. फोन इंजिनाजवळ धर. मार किल्ली."

टक.

वसईत कोंबडा आरवला.
"परत. दिवे लावून मार."
टक.
"दिवे गेले की राहिले?"
"मंदावले. किल्ली सोडली की परत येतात."
"बॅटरी बरी हाय तुझी. अर्थ ढिला झालाय."

मी काही बोलले नाही.
पावणेसहाला, अंधारात, अनवाणी,
न फुगलेल्या पिठाची मालकीण मी,
यावर काय बोलणार.

"काळी जाड वायर बघ,
बॅटरीतून निघून पत्र्याला टेकते ती.
दहाचा पाना."

मोबाईलच्या उजेडात सापडली.
बोल्टाखाली हिरवट पांढरी भुकटी.
नट नुसत्या बोटांनीच फिरला.
निम्मी टेकलेली, निम्मी नुसती
टेकल्यासारखी दिसणारी.
शाळेत बाई सांगायच्या,
अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा.
पॉलिश पेपरनं घासलं,
मनगट दुखेस्तोवर आवळलं.

"आता वरनं व्हॅसलीन."
"व्हॅसलीन?"
"या दिवसांत टाचेला लावतेस ना? तेच."

किल्ली.
आधी कण्हल्यासारखं काहीतरी,
मग दोनदा शिंकली,
मग धरलं तिनं.
हयातसिंगनं बिडी पेटवली.
काका फोन ठेवायला तयार नव्हते,
बराच वेळ नुसतं ऐकत राहिले.
"तिसरा सिलिंडर चुकतोय," म्हणाले.
"भांडुपापर्यंत जाईल."

ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं.
एक टोप डाव्या सीटवर ठेवला शालीसकट,
त्याला पट्टा लावला, दुसरा खाली पायांशी,
आणि चोक अर्धा ठेवून
गेटातच उभी राहिले,
पत्र्यातून ऊब वर येईपर्यंत.

सोनापूरच्या सिग्नलला शाल जराशी
हलली असं वाटलं.
झाकण काढून नाही पाहिलं.
वास आला फक्त, आंबट, ओळखीचा.
हिरवा कधी झाला कळलं नाही,
मागच्या रिक्षानं हॉर्न मारला.