पितळेचा पाना

तिसऱ्या शनिवारी मशीन बंद.
मेन स्विचला माझं कुलूप, माझी चिठ्ठी: आत माणूस आहे.
तरी सात मिनिटं थांबायचं.
वीज तोडली तरी ड्राइव्हच्या पोटात थोडी उरते,
गॅस मालवल्यावर तव्यात उरते तशी.

तेवढ्यात केसांतल्या पिना काढून डब्यात.
घड्याळ, मोबाईल, बँकेचं कार्ड, सगळं डब्यात.
मंगळसूत्र सोन्याचं, त्याला कुणी ओढत नाही;
पदराची सेफ्टी पिन मात्र पहिल्या वर्षी
हातातून सुटली आणि टक् करून ट्रॅकवर बसली.
प्लास्टिकच्या चिमट्याने काढताना पाऊण तास गेला.
मिस्किटा हसले नाहीत. म्हणाले,
"लोखंडाला इथं स्वतःचं मन असतं गो. बरोबर आणायचंच नाय."

कव्हर उघडलं. खाली चुंबकांची रांग, निकेलची चकाकी,
वर कॉइलची गाडी. मध्ये आठ दशांश मिलिमीटर हवा.
सगळं काम त्या हवेतच चालतं:
ना पट्टा, ना दाते, ना स्क्रू,
आणि तरी केसाहून बारीक भोक
सर्किट बोर्डावर सांगितलं तिथेच पडतं.
पितळी फीलर चार जागी सरकवला.
आठ. आठ. साडेसात. आठ.
साडेसात वहीत, लाल पेनाने.

काचेची मोजपट्टी एकाच दिशेने पुसायची,
स्पिरिटचं कापड माघारी फिरवायचं नाही.
मरोळच्या हवेत काय नाही?
मेट्रोचं सिमेंट, खालच्या बेकरीचा धूर,
खाडीवरून आलेलं मीठ,
आणि माझ्या अंगठ्याचं तेल.
एवढा एक ठसा,
आणि मशीन आपला पत्ता विसरतं.

रेलवरचं काळं ग्रीस काढलं, नवं दिलं, दोन दाब.
तिसरा दिला की लाड होतात, धूळ चिकटते.
केबल चेनच्या नवव्या कडीला तडा.
नवी कडी मागवली आहे, जूनपासून.

दारात पिवळी रेघ आहे.
रेघेपलीकडे स्टूल, स्टुलावर इनास मिस्किटा,
मांडीवर डबा, डब्यात घरी तळलेले फुगे.
नाताळापासून त्यांच्या डाव्या गळ्याच्या हाडाखाली
काडेपेटीएवढा पेसमेकर.
दारावरचं चित्र त्यांनीच लावलेलं, अकरा वर्षांपूर्वी, फेव्हिकॉलने:
हृदय, आणि त्यावर आडवी लाल काट.
जरा तिरकं लागलंय.
आता त्यांना स्टोअरचं टेबल दिलंय, शनिवारी सुट्टी.
सुट्टीच्या दिवशी ते इथे येऊन बसतात.

"ढकल हाताने. टोकापर्यंत."
मी ढकलते. गाडी हलके अडखळत जाते,
चुंबकामागून चुंबक, अंधारात जिना उतरावा तशी.
ते डोळे मिटतात.
"उजवा ब्लॉक. आत खडा हाय."
मी उघडते. टॉर्च, भिंग.
खडा नाही.
वरून विमान चाललं होतं, की त्यांच्याच स्टुलाचा पाय करकरला,
कुणास ठाऊक.
पुसते, परत बसवते.
"होता?"
"होता."

पाना त्यांचा. दांड्यावर खिळ्याने कोरलेलं: इ. मि.
चुंबकाला दाद देत नाही,
त्यांच्या छातीतल्या डबीलाही त्याचं भय नाही.
रेघ ओलांडून मी तो त्यांच्या हातात देते.
रुमालाने ते आधी जबडा पुसतात, मग दांडा,
मग उगाच पुन्हा जबडा.

कुलूप काढलं, स्विच वर.
गाडी शून्य शोधायला निघते:
खुणेवरून पुढे जाते, थबकते,
सावकाश मागे येते. सापडलं.

रजिस्टरात सहीचा रकाना एकच.
मी पेन पुढे करते, ते समासात सही करतात,
आणि वही परत देत नाहीत.
"ही साडेसात कुठं?"
तिसऱ्या जागी.
"हं. पुढच्या वेळेला आधी तिथंच बघ."
मग फुग्यांचा डबा माझ्याकडे सरकवतात,
रेघेवरून, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
डबा स्टीलचा आहे.
मी बाहेर जाऊन खाते.