पेना

कोइम्ब्राच्या जुन्या संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे फॉर्मॅलिनचा वास लाकडातच मुरलाय,
एर्मेलिंडा साल्गेइरो नावांच्या चिठ्ठ्या लिहिते.
एकतीस वर्षं. काळी शाई, उजवीकडे कललेली अक्षरं,
आणि नावापुढे टिंब द्यायचं नाही, हा तिचाच नियम.

पेना म्हणजे पीस, ती शाळेच्या पोरांना सांगते,
पेना म्हणजे लेखणीसुद्धा,
कारण लेखणी आधी हंसाच्या पंखात होती.
लॅटिनमध्ये पेन्ना. मग ती एकेक बरणी दाखवते.
ही पेनातुला, पिटुकलं पीस,
समुद्रतळाच्या चिखलात देठ रोवून उभं.
एक जीव नव्हे, तोंडांची अख्खी वसाहत.
जिवंतपणी कुणी डिवचलं तर उजळायची.
आता बरणीत नाव तेवढं आहे.

हे स्तिपा पेनाता, गवत.
याचं बी रेशमी पीस लावून वाऱ्यावर निघतं
आणि उतरलं की पिळे घेत घेत मातीत शिरतं.
प्लुमा म्हणजे छातीवरचं मऊ पीस.
पाकळ्यांच्या कडा झिरमिळ्या असलेलं ते गुलाबी फूल,
दिआन्थुस प्लुमारियुस,
तिच्या बाल्कनीतही आहे, पण यंदा मावा पडलाय.

‘आणि प्लुमेरिया?’ मी मागून विचारलं.
‘छे. ते एका फ्रेंच साधूचं आडनाव.
प्लुम्बागोत तर शिसं आहे.
कानाला पीस वाटलं म्हणून पीस नसतं, बाई.’
चाफ्यात पीस नाही हे ऐकून
मी उगाच थोडी खट्टू झाले.

पुढचे दोन दात पडलेला व्हितोरिनो म्हणाला,
‘मी पडलो की आई के पेना म्हणते. पीस कशाला?’

‘ती पेना दुसरी. पोएना. दंड, भोग.
मग त्याची कीव झाली, हळहळ झाली.
दोन शब्द दोन गावांहून निघाले,
वाटेत अक्षरं झिजली,
आणि एकाच दारात बिऱ्हाडाला आले.
आता हाक मारली
की दोघंही ओ देतात.’

शेवटच्या कपाटात एक अंडं, प्लॅस्टरचं.
खऱ्यांतली फार थोडी उरली.
उत्तरेच्या खडकाळ बेटांवरचा मोठा, काळापांढरा पक्षी,
पिंग्विनुस इम्पेनिस.
‘इम् म्हणजे नाही,’ ती म्हणाली, ‘पेन्ना नाही.’
‘सें पेना!’ व्हितोरिनो ओरडला, पोरं खिदळली.

ती हसली नाही.
पिसं होती त्याला, ती म्हणाली. भरपूर.
उडायला लागतात ती नव्हती.
तेव्हा खलाशी आले,
हा नुसता उभा राहिला,
आणि उरलेल्या पिसांनी त्यांनी उशा भरल्या.
सें पेना, ती पुन्हा म्हणाली, हळू,
आणि या वेळी कुणालाच
ते पिसाबद्दल ऐकू आलं नाही.

पोरं बसकडे पळाली. एक रुमाल राहिला.
ती खिडकी लावत होती, तेव्हा मी सांगितलं,
माझ्याकडेही आहेत असे दोन बिऱ्हाडकरू.
पिसं म्हणजे पिसं,
आणि पिसं लागलं म्हणजे वेड लागलं.
एक पिच्छातून आलं, दुसरं बहुधा पिशाचातून,
खात्री नाही.

‘लिहून दे,’ ती म्हणाली.
शाई सांडलेल्या एका चिठ्ठीच्या पाठीवर
मी लिहिलं. तिनं उलटं धरून पाहिलं,
अनुस्वाराकडे बोट दाखवलं: ‘हे टिंब काढ.’
‘ते काढता येत नाही.’
‘मग राहू दे,’ म्हणत तिनं
नाव न लागलेल्या नगांच्या खणात ती टाकली.

रात्री खानावळीतल्या उशीतून
गालाला काहीतरी टोचत होतं.
दिवा लावला.
खोळीतून एक पांढरं टोक बाहेर आलेलं,
नखाएवढं.
मी ते आत ढकललं, मग ओढून काढलं.
मग पुन्हा झोप लागली नाही.