पस्तीस ग्रॅम

फ्रायबर्गला समुद्र नव्हता,
म्हणून आम्ही रोज सकाळी तो बनवायचो.
लिटरभर शुद्ध पाणी, पस्तीस ग्रॅम क्षार.
तराजूचं काचेचं दार लावून घ्यायचं,
श्वासानेसुद्धा आकडा हलतो.
पहिल्या दिवशी बोट बुडवून चाखावंसं वाटलं.
पण इथे काही चाखायचं नसतं
अशा कागदावर मी सही केली होती.
वास मात्र घेतला.
कशाचाच आला नाही.

तिघं होतो, तिसऱ्या वर्षाची,
दहा आठवड्यांपुरती आलेली :
पावेल, लिमाची रोसिओ,
आणि हर्णैची मी, भार्गवी दोरकुळकर,
यादीत जिचं आडनाव दोन ओळींत मोडलेलं.
पोलादाचे नखाएवढे तुकडे आरशासारखे घासायचे,
खाऱ्या धुक्याच्या पेटीत ठेवायचे. हजार तास.
मला मागल्या दाराची कडी आठवायची.
तिचे हजार तास मी बालवाडीत असतानाच भरले होते.

एकदा सरांनी फळ्यावर जस्त काढलं,
म्हणाले, हा बळी जाणारा धातू,
हा झिजतो, पोलाद राहतं.
सगळ्यांनी लिहून घेतलं.
मी नाही. मला त्याचा भाव माहीत होता :
झिजक्या वड्या पिशवीत भरून
मी आणि दादा भंगारवाल्याकडे न्यायचो,
यायचे त्यात दोन वह्या, एक कुल्फी.

आता जुलै संपतोय. बंदी उठायला चार दिवस.
'दुर्गाप्रसाद' अजून वाळूत, ओंडक्यांवर.
झापं काढून झालीत,
बाबा सुकाणूखाली उताणे.
मी पाना देते.
जुनी वडी सुटून हातात येते,
पोखरलेली, ओल्या खडूसारखी पांढरी.
"किती झिजली?"
मला आकडा हवा असतो, वर्षाला किती मिलिमीटर.
"पुरी," बाबा म्हणतात.
"यंदा बारा दिस जास्त काढले ना दर्यात."

नवी वडी बसते.
चुलतभाऊ निळा ब्रश घेऊन तळ रंगवत येतो,
तिच्यावरूनही फिरवणार,
तर बाबा त्याचं मनगट धरतात :
"तिला नाय. ती उघडीच ठेवायची."

हे माझ्या अहवालात बाराव्या पानावर आहे,
सहा ओळींत, दोन संदर्भांसकट.

जुनी वडी मी न धुता कागदात गुंडाळते,
पावेलला पाठवायला.
पोस्टाच्या फॉर्मवर वस्तूचं वर्णन जमतं.
किमतीच्या रकान्यापाशी बाबांकडे बघते.
ते वाळूत हात घालून
पडलेला नट शोधतायत.