पत्नी (असल्यास)

निलंग्याच्या पुढे, एसटी जिथे मांजरेला वळसा घालते
तिथल्या एका बारवेच्या तोंडाशी
हा दगड अर्धा मातीत होता. परवा उकरला.
चौदा ओळी. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव.
मी ठसा घ्यायला आलेय,
ओला कागद, जाड केसांचा ब्रश,
शाईची पुरचुंडी
आणि खात्याचा छापील तक्ता घेऊन.

पहिल्या नऊ ओळी राजाच्या.
शत्रूच्या हत्तींना सिंह,
शरण आलेल्याला वज्राचा पिंजरा,
अमक्या नगरीचा अधीश्वर,
जी नगरी त्याने बहुतेक पाहिलीही नसेल.
दहाव्या ओळीत ती येते:
तेयाची राणी रेवलदेवी.
एवढंच. पुढे लगेच तेल,
दर घाण्यामागे एक पळी, देवाच्या दिव्याला,
चंद्र-सूर्य असेतो.

बाकीचं मी जोडते.
खात्यात ते चालत नाही, म्हणून इथे.

नाव कानडी वळणाचं आहे.
आई रेवव्वा म्हणून हाक मारत असेल.
दोन किल्ल्यांचं भांडण मिटलं
तेव्हा अकराव्या वर्षी पालखीत बसवली.
तहाच्या यादीत आधी घोडे, मग सुपारी, मग ती.
बरोबर चार दासी; त्यातल्या दोघी
पहिल्याच उन्हाळ्यात तापाने गेल्या.

मी भालकीची. लातुरात दिली तेव्हा
नीरु सोडून पाणी म्हणायला महिना लागला मला.
नवरा हसायचा.
वाईट नाही, पण हसायचा.

तिचा?
मोहिमेवरून परतल्यावर एखाद्या रात्री
पाठीला तेल चोळून घेताना
त्याने विचारलं असेल,
तुमच्यात मिठाला काय म्हणतात?
उप्पु.
तोही म्हणाला असेल, उप्पु,
आणि सकाळी विसरला असेल.
संसार म्हणून एवढं तरी धरून चालू.

अकराव्या ओळीत धाकटी राणी येते,
तिच्या नावापुढे दोन विशेषणं.
बाराव्या ओळीत पुत्र
आणि त्यापुढे टवका उडालेला,
तीन अक्षरांएवढा.
पुत्रप्राप्ती असेल. पुत्रशोक असेल.
दिवा दोन्हीसाठी लावतात.
मी बोट फिरवून पाहिलं, भिंग लावून पाहिलं,
उन्हं तिरपी होईतो थांबूनही पाहिलं.

शेवटच्या दोन ओळी शापाच्या.
हे दान जो मोडील त्याच्या आईला
हे खालचं गाढव.
राजाने लिहवलं, मोडणार कुणी पुरुषच,
आणि भरायचं कुणी तर
कुठल्यातरी घरातल्या म्हातारीने.
तक्त्यात मी लिहिलं: शापवचन, नेहमीचे.

"ही राणूआई हाय,"
डोक्यावरची घागर तशीच ठेवून
चतुराबाई म्हणाली.
"लेकराला दिष्ट लागली की तेल लावायचं.
माझी सासूबी लावायची."
राणू कोण, विचारलं.
"आता काय सांगावं बाई. आई हाय."

तेल कुठे लावता?
तिने बोट ठेवलं.
माती काढण्याआधी दहावी ओळ
जमिनीला टेकलेली होती,
उकिडवं बसलेल्या बाईचा हात
बरोबर तिथे पोचतो.

तिथेच कागद धरत नाही.
तीनदा ठोकला, तीनदा सुटला.
सगळ्या काळ्या कागदावर
पांढरीशुभ्र अक्षरं उठली,
हत्ती, सिंह, पिंजरा, गाढवाचे कानसुद्धा,
आणि रेवलदेवीच्या जागी
तळव्याएवढा राखाडी डाग.

साहेब म्हणतील, ठसा नीट नाही,
सोड्याने धुवा, पुन्हा घ्या.
त्यांचं बरोबर आहे. तक्त्यात रकाने आहेत:
राजा. वंश. काळ. पत्नी (असल्यास).
सोडा पिशवीत आहे.

चतुराबाई अजून गेली नाही.
घागरीतलं पाणी हिंदकळून
तिच्या मानेवरून खाली येतंय
आणि ती पुसत नाही.

मी आधी बाकीच्या ओळी घेते.